आठवीला न्यायव्यवस्था शिकवताना: अडकलेलं पत्र, अभिरूप न्यायालय आणि थोडा त्रागा

मॅडम, आठवीच्या वर्गाबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या शाळेची जुनी फाईल डोळ्यांपुढे आली. तुम्ही लिहिलंय: ‘भारतातील न्यायव्यवस्था’ हा धडा मुलांचा तोंडपाठ आहे, सर्वोच्च न्यायालयाची कामं घडाघडा सांगतात, पण दिवाणी (पैसे, मालमत्ता, हक्कांचे वाद) आणि फौजदारी (गुन्ह्यांचे खटले) यांतला फरक विचारला की वर्ग गप्प. तालुक्याचं कोर्ट दाखवायला न्यावं म्हणून दिलेलं पत्र दोन महिने कुठल्याशा टेबलावर पडून आहे. त्यात आता तुमच्या हेडसरांनी अभिरूप न्यायालय, म्हणजे मुलांनी चालवलेला लुटुपुटुचा खटला, बसवायला सांगितलंय. शासनाच्या तीन शाखा, न्यायालयांची उतरंड वगैरे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. थेट पत्रावर येतो, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं.

आधीच सांगतो, मी शिक्षक आहे, वकील नाही. जिल्हा बदलला की पद्धत बदलते. तेव्हा खालचं सगळं स्वतः खात्री करूनच वापरा.

कोर्टभेटीसाठीचं आमचं पत्र शिक्षण खात्याच्या ज्या कार्यालयात गेलं (नाव लिहीत नाही, अजून नोकरी करायची आहे), तिथे आवक टेबलावर त्याची नोंद ‘सहल’ या सदरात झाली. कोर्ट शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी पत्र परत आलं: बसची कागदपत्रं आणि चालकाचं लायसन्स जोडा. बस नाहीच, असं लिहून दिलं, तर बस वापरणार नसल्याचं हमीपत्र मागितलं. तेही दिलं. मग म्हणाले, न्यायालयाचं ‘हरकत नाही’ असं पत्र आधी आणा. न्यायालयाच्या कार्यालयात गेलो तर तिथे उत्तर मिळालं, आधी तुमच्या खात्याची परवानगी आणा, मग साहेबांपुढे ठेवतो. दोघंही आपापल्या जागी नियमाला धरून, आणि आमचं पत्र मधल्या मध्ये लोंबकळत. परवानगी अखेर आली ती वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवले होते. ‘निकाल चुकला तर न्यायाधीशांना शिक्षा होते का?’ ‘खोटं कोण बोलतंय हे त्यांना कळतं का?’ ती मुलं नववीत गेली, प्रश्न वहीतच राहिले. ज्या धड्यात दाद मागण्याची सोय शिकवायची, त्याच धड्याच्या पत्रासाठी दाद मागायला जागा नव्हती. माहिती अधिकारात विचारायचा मोह फार झाला होता. आमच्या हेडसरांनी हात जोडले म्हणून राहिलं.

माझं स्पष्ट मत: त्या वाटेने जाऊच नका. तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने या समित्या उभ्या राहिल्या. लोकांना मोफत कायदेविषयक मदत देणं हे त्यांचं काम, तसंच कायद्याची माहिती पसरवणं हेही. तालुका समितीचे अध्यक्ष म्हणजे तिथले ज्येष्ठ न्यायिक अधिकारी, म्हणजे तुम्हाला ज्यांच्या कोर्टात मुलं न्यायची आहेत बहुधा तेच साहेब. तुमची मागणी त्यांच्या दृष्टीने अडगळ नसते, त्यांच्याच कामाचा भाग असते. पत्राच्या विषयात सहल हा शब्द चुकूनही नको, ‘क्षेत्रभेट व कायदेविषयक साक्षरता’ असं लिहा. पोच घ्या, तारीख आणि आवक क्रमांकासह. खात्याला फक्त माहितीसाठी प्रत. खात्याची लेखी परवानगी तुमच्याकडे सक्तीची असेल तर मात्र ती घ्यावीच लागेल, माझ्या भरवशावर टाळू नका. समितीबरोबर शिबिर आलं तर एक धोका आहे: भाषणं. सत्कार, प्रास्ताविक, मग पाऊण तास कलमं. मुलांचे निवडक प्रश्न लेखी आधीच पाठवा आणि ‘भाषणाऐवजी उत्तरं द्यावीत’ अशी नम्र विनंती करा. बहुतेक न्यायाधीश खूश होतात.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रक्रिया कायद्यांप्रमाणे न्यायालय खुलं असतं. जागा असेल तोवर कुणीही मागे जाऊन बसू शकतं. बालकांवरचे लैंगिक गुन्हे, काही कौटुंबिक प्रकरणं यांचं कामकाज बंद दाराआड चालतं, आणि न्यायाधीश गरज वाटली तर कुणालाही बाहेर जायला सांगू शकतात. तरी मूळ नियम खुलेपणाचाच. चाळीस मुलांचा घोळका नेण्यासाठी परवानगी हवी हे मान्य, पण तुम्ही एकटीने रजेच्या दिवशी जाऊन दोन तास बसायला कुणाची परवानगी लागत नाही. ते आधी कराच. भिंतीवरचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी), पट्टेवाल्याचा पुकारा, बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलेले पक्षकार, ‘से (लेखी म्हणणं) दाखल करायला मुदत द्यावी’ म्हणणारे वकील, रोजनाम्यात (कामकाजाच्या रोजच्या नोंदीत) पडणारी पुढची तारीख: हे एकदा पाहिलं की धडा शिकवताना तुमचाच आवाज बदलतो. हातोडा कुठे दिसणार नाही. आपल्याकडचे न्यायाधीश तो वापरत नाहीत, आणि साक्षीदाराच्या हाताखाली ग्रंथही नसतो. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराच्या नावाने शपथ घ्यायची किंवा नुसती प्रतिज्ञा करायची. त्याच कायद्यात बारा वर्षांखालच्या मुलाची सोय आहे: खरं बोलायचं कर्तव्य कळतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं न्यायालयाला वाटलं, तर शपथेशिवायही त्याची साक्ष घेता येते. हे सांगितलं की पाचवी-सहावीची मुलंसुद्धा ताठ बसतात.

आता अभिरूप न्यायालय. बहुतेक शाळांत काळा कोट, खून आणि आरडाओरडा होतो. खून नको. मी उसन्या दिलेल्या सायकलीचं प्रकरण घेतो. मित्राने नेली, परत आली ती चाक वाकून. तो म्हणतो, आधीच वाकलेलं होतं. याच घटनेवर दोन कोर्टं बसवा. एका, दिवाणी कोर्टात वादी, म्हणजे सायकलीचा मालक, दुरुस्तीचे पैसे मागतो. दुसऱ्यात, फौजदारीत, आरोप असा, की मित्राने रागाने मुद्दाम दगड घालून चाक वाकवलं. साक्षीदार तेच, पुरावा तोच. दिवाणीत कुणाची बाजू जास्त संभवनीय ते पाहायचं, फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हायला हवं. एकदा दिवाणीतला मुलगा पैसे द्यायला लागला आणि फौजदारीतला, म्हणजे तोच मुलगा, निर्दोष सुटला. वर्गात गोंधळ. ‘सर, हे कसं?’ तो प्रश्न त्यांच्या तोंडून आला की तुमचा अर्धा धडा झाला. उलटतपासणीत एका मुलीने साक्षीदाराला विचारलं होतं, ‘तू पाहिलंस की दुसऱ्या कुणी सांगितलं?’ साक्षीदार म्हणाला, ‘सगळेच म्हणत होते.’ ती काही न बोलता खाली बसली. पुस्तकातल्या व्याख्येने ऐकीव पुरावा इतका कळला नसता.

एक गोष्ट हट्टाने टाळा: हात वर करून निकाल. मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत शेवटी ‘कोणाला वाटतं दोषी आहे?’ असं विचारून बहुमत मोजतात. मग मुलं लोकप्रिय पोराला सोडतात आणि नावडत्याला अडकवतात. आपल्याकडे ज्यूरी (दोषी की निर्दोष ते ठरवणारा सामान्य नागरिकांचा गट) होती, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा राहिली नाही. निकाल न्यायाधीशाने द्यायचा आणि कारणं लिहून द्यायची. तीन मुलांना न्यायाधीश करा, प्रत्येकाकडून अर्धं पान लिहून घ्या. तिघांचे निकाल वेगळे आले तर उत्तमच, अपील म्हणजे काय ते सांगायला तयार उदाहरण मिळालं.

खरा खटला हवा असेल तर केरळमधला १९८६ चा घ्या. तीन भावंडं शाळेच्या परिपाठात राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं. उच्च न्यायालयात हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं: गायलाच हवं असा कायदा नाही आणि ती उभी राहत होती, म्हणजे अनादर नाही. निकाल आधी सांगू नका. घटना सांगा, मुलांकडून कारणांसह निकाल लिहून घ्या, मग उघड करा. पण तुमच्या गावचं वातावरण तुम्हालाच माहीत. पालक अंगावर येतील असं वाटलं तर हे बाजूला ठेवा आणि मुंबईच्या पदपथवासीयांचा १९८५ चा निकाल घ्या. तिथे न्यायालयाने उपजीविकेला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं, आणि तरीही पदपथ रिकामे करण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला. ‘जिंकलं कोण?’ यावर एक तास सहज जातो.

जुनी गाईडं फेकून द्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं कलम पूर्वी ३०२ होतं, आता १०३, आणि नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. मात्र त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, म्हणून मुलांना पेपरात दोन्ही दिसतील.

कोर्टातल्या प्रकरणांची स्थिती दाखवणारं ई-कोर्ट ॲप वर्गात मोठ्या पडद्यावर उघडणार असाल तर जपून. तालुक्याच्या कोर्टाचा बोर्ड उघडला की पहिल्याच ओळीत एखाद्या मुलाच्या वडिलांचं नाव निघू शकतं. मी नावांचा रकाना झाकून फक्त ‘हजेरी, साक्षीपुरावा, युक्तिवाद’ हा टप्प्यांचा रकाना छापून नेतो.

भेटीची वेळ ठरली तर तिथल्या एखाद्या वकिलाला आदल्या दिवशी विचारा, साक्ष कुठल्या कोर्टात आणि साधारण किती वाजता आहे. सकाळी बराच वेळ पुकारा आणि तारखांतच जातो आणि मुलं कंटाळतात. मोबाईल शाळेतच ठेवून या, तुमचाही. फोटो हवाच असेल तर विचारून आवाराबाहेर. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी टाळून तारीख मागा, आणि पत्र आजच द्या.