चित्रकला न शिकता फोटोशॉप किंवा गिंपमध्ये अर्कचित्र (कॅरिकेचर) काढता येईल का?
हो, नक्की येईल. फक्त फोटो ताणून-चेपून तिथेच थांबू नका, त्या ताणलेल्या फोटोवर नवा लेअर (पारदर्शक थर) घेऊन रेषा स्वतः ओढा. मी हौस म्हणून बरीच वर्षं याच पद्धतीने काढतोय. फोटो ताणायला-चेपायला फोटोशॉपमध्ये 'लिक्विफाय' फिल्टर आहे, फुकटच्या गिंपमध्ये 2.10 आवृत्तीपासून 'वॉर्प ट्रान्सफॉर्म' आहे. दोन्हींत ब्रश मोठा ठेवा. लहान ब्रशने कडा लाटांसारख्या वेड्यावाकड्या होतात.

आधी चेहऱ्यातली एकच खूण निवडा. भुवया दाट आणि डोळ्यांच्या अगदी जवळ असतील तर त्या आणखी खाली आणा आणि कपाळ वाढवा. सगळंच फुगवलं की माणूस ओळखू येत नाही, कारण ओळख पटते ती अवयवांमधल्या अंतरांवरून. मग फोटोच्या लेअरची अपारदर्शकता 30-40 टक्क्यांवर आणून वर रेषा काढा आणि मधूनमधून फोटो लपवून बघा: नुसत्या रेषांतून तो माणूस दिसतोय का? माउसने हात थरथरत असेल तर फोटोशॉपचं पेन टूल किंवा गिंपचं पाथ टूल वापरा (बिंदू देत गेलं की गुळगुळीत रेषा तयार होते), ड्रॉइंग टॅबलेट लगेच घ्यायची गरज नाही.

एक मात्र सांभाळा: सेल्फीवरून काढू नका. कॅमेरा जवळ असल्याने त्यात नाक मुळातच मोठं आणि कान लहान दिसतात, आणि तुम्ही माणसाऐवजी कॅमेऱ्याचा दोष वाढवून ठेवता. दीड-दोन मीटरवरून काढलेला फोटो घ्या.