तुळजापूरला जायचंय, पण बाळाला घरी येऊन तीनच आठवडे झालेत

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही मुलगी दत्तक घेतलीय, साडेसात महिन्यांची आहे आणि घरी येऊन तीन आठवडे झालेत. सासूबाईंनी नवस बोलला होता की नात आली की तुळजापूरला आईच्या पायावर घालू, तर आता दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून 14 जण टेम्पो ट्रॅव्हलरने पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असा चार दिवसांचा बेत ठरलाय. बाळ कोणाकडेही जातं, रडत नाही, म्हणून सगळे म्हणतात की हिला काही त्रास नाही व्हायचा. रात्री मात्र ती तीन-चारदा दचकून उठते. सासूबाईंचं मन मोडवत नाही आणि माझं मन तयार होत नाहीये. शिवाय दत्तकाची ऑर्डर अजून आलेली नाही, वाटेत कोणी कागद विचारले तर काय दाखवायचं?
– एक आई, पुणे

उत्तर: आधी लेकीसाठी खूप खूप आशीर्वाद! आणि तुमचं मन तयार होत नाहीये ना, मग त्याचं ऐका, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले, "बाळ कोणाकडेही जातं". आमची लेक आठ महिन्यांची असताना घरी आली, महिन्याभरात आम्ही तिला वाईला एका लग्नाला घेऊन गेलो, दिवसभर ती या मांडीवरून त्या मांडीवर आणि सगळे कौतुकाने म्हणत होते किती शहाणी पोर आहे, मलाही अभिमान वाटत होता. रात्री ती दोन तास रडली आणि मी घ्यायला गेले की तोंड फिरवायची. नंतर आमच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की संस्थेत मावश्या शिफ्टमध्ये बदलतात, जो उचलेल त्याच्याकडे जायचं एवढंच या बाळांना माहीत असतं, एक माणूस आपलं असतं आणि ते परत येतं हे अजून कळायचं असतं. ते कळायला वेळ लागतो, आणि तोवर रोज तीच माणसं, तोच वास, तोच पाळणा लागतो. तुमच्या लेकीने तीन आठवड्यांपूर्वी एकदा सगळं सोडलंय, आता चार दिवसांत तीन लॉज आणि 14 जणांच्या मांड्या म्हणजे तिच्यासाठी पुन्हा तेच.

म्हणून ही ट्रिप आत्ता नको असं माझं स्पष्ट मत आहे. दोनेक महिने थांबा, रात्रीची झोप जरा बसू दे. सासूबाईंना नाही म्हणू नका, पुढची तारीख त्यांनाच काढायला सांगा, पौषात शाकंभरी नवरात्र येतं त्यानंतरची काढा. त्यांना हेही आठवण करून द्या की तुळजाभवानी स्वतः वर्षातून तीनदा पलंगावर निद्रा घेते, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा असतेच, मग एवढ्या लांबून आलेल्या लेकराला विश्रांती दिली तर आई कशाला रागावेल. माझ्या सासूबाईंना हेच पटलं होतं, खरं सांगते.

मग जाल तेव्हा फक्त तुळजापूर करा, तुम्ही दोघं, बाळ आणि सासूबाई. सोलापूरपर्यंत ट्रेन बरी पडते, वेगळी सीट नको असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पुढे रस्त्याने साधारण 45 किलोमीटर. तिचं नेहमीचं दुपटं न धुता घ्या, वास महत्त्वाचा. संस्थेत जी पावडर देत होते तीच चालू असेल तर प्रवासासाठी बदलू नका, दूध आधी कालवून नेऊ नका, उकळलेलं गरम पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत, आणि उरलेलं दूध सरळ टाकून द्या. मऊ भात किंवा नाचणीचं सत्त्व सुरू केलं असेल तर तेच, नवीन काही वाटेत नको. लसीची तारीख प्रवासाच्या दिवसांत येत नाही ना तेवढं बघा.

नातेवाईकांना मात्र आधीच सांगून ठेवा: खेळवा, गाणी म्हणा, पण दूध पाजणं, झोपवणं आणि रडली की उचलणं हे आईबाबाच करणार. हे सांगताना मला फार अवघड गेलं होतं, आजीला वाईट वाटतंच, म्हणून आजीला एक काम ठरवून द्या, आमच्याकडे संध्याकाळचं तेल लावणं आजीचं होतं, मी शेजारी बसायचे. देवळातही पायावर घालायचं असेल तेव्हा ती शेवटपर्यंत तुमच्याच हातात असू दे.

आता कागद. ऑर्डर येईपर्यंत बाळ तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात आहे, म्हणजे दत्तक कायद्याने पूर्ण व्हायच्या आधी सांभाळायला दिलेलं आहे, त्यामुळे गावाबाहेर जाण्याआधी संस्थेच्या सोशल वर्करला फोन करून कळवा, आणि संस्थेने दिलेली कागदपत्रं, दोघांची आधार कार्डं आणि बाळाचं लसीकरण कार्ड यांच्या झेरॉक्स बॅगेत ठेवा. कार्डावर संस्थेतलं जुनं नाव असेल तर घाबरू नका, संस्थेच्या पत्रावर तेच नाव असतं. ट्रिपचे बाळासोबतचे फोटो स्टेटसला किंवा फेसबुकवर टाकू नका, अशा मुलांची ओळख जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे, फॅमिली ग्रुपमध्येही हे आधी बजावा.

प्रश्न: बहीण दुबईला आहे, बाळाला घेऊन या म्हणून मागे लागलीय. ऑर्डरच्या आधी पासपोर्ट मिळेल का?
– एक बाबा, नाशिक

उत्तर: नाही, थांबावं लागेल. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तो हातात आला की आईबाबा म्हणून तुमची नावं असलेला बाळाचा जन्मदाखला काढायचा आणि मग पासपोर्टचा अर्ज. तिकिटं आधी बुक करून ठेवू नका. बहिणीलाच इकडे बोलवा, बाळाला आपल्या घरातच आत्याची ओळख होऊ दे.