कंपनीची भाषा एक, पण शिकण्याचा भार कुणावर?

प्रश्न : मी एका बहुराष्ट्रीय कंपनीत अभियंता आहे. यापुढे बैठका, अहवाल, ईमेल सगळं इंग्रजीतच, असा आदेश आला आहे. बढतीसाठी इंग्रजीची परीक्षाही लागणार. 'देशसुद्धा एक भाषा ठरवतात, मग कंपनीने का नको?' असं वरिष्ठ म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : वरिष्ठांनी देशांचा दाखला दिलाच आहे, तर तो नीट बघू. इंडोनेशियात सर्वांत मोठा भाषिक गट जावानीज बोलणाऱ्यांचा. तरीही स्वातंत्र्य चळवळीतल्या तरुणांनी १९२८ मध्ये घेतलेल्या 'युवक प्रतिज्ञेत' मान मिळाला तो मलायवर आधारलेल्या 'इंडोनेशियन' भाषेला. मलाय ही बंदरांवरच्या व्यापाराची भाषा, बेटाबेटांवर थोडीफार समजणारी. त्यामुळे संख्येने मोठ्या गटालाही शिकावंच लागलं. तुमच्या कंपनीत मात्र ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना काहीच शिकायचं नाही. सगळा भार तुमच्यावर. मला खटकतं ते हे. एक भाषा ठरवणं नव्हे. पाच देशांतल्या माणसांना एकत्र काम करायचं तर काहीतरी समान लागणारच.

जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० मध्ये इंग्रजीची घोषणा केली, दोन वर्षांची मुदत दिली आणि परीक्षेचे गुण बढतीशी जोडले. सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या वेळात, आपल्या पैशाने शिकायचं होतं. तसं निभेना, तेव्हा वर्गांची सोय कंपनीलाच करावी लागली. हे उदाहरण वरिष्ठांसमोर जरूर ठेवा.

आता सुरक्षेचं. मी बरीच वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं केली, म्हणून इथे जरा आग्रहाने लिहिते. 'आधी दाब उतरवा, मग झाकण उघडा.' यातलं आधी-नंतर वाचणाऱ्याच्या डोक्यात उलटं बसलं, तर वाफ थेट तोंडावर येते. दमलेला माणूस रात्रपाळीत परक्या भाषेतली सूचना शब्द न् शब्द वाचत नाही, अंदाजाने पुढे जातो. फ्रान्समध्ये १९९४ च्या कायद्यानुसार कामासाठी लागणारी कागदपत्रं फ्रेंचमध्ये द्यावी लागतात. ती दिली नाहीत म्हणून २००६ मध्ये व्हर्सायच्या न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकच्या वैद्यकीय उपकरणांच्या उपकंपनीला ५,८०,००० युरो भरायला लावले. कामगार संघटनांनी तो खटला लढवला होता, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा एकट्याने तक्रार करू नका. सहकाऱ्यांसह लेखी मागण्या द्या. वर्ग कामाच्या वेळेत आणि कंपनीच्या खर्चाने हवेत. बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी मिळावेत, म्हणजे बोलण्याची तयारी करून येता येईल. सुरक्षा सूचना, नेमणुकीचे करार आणि शिस्तभंगाची पत्रं स्थानिक भाषेत असावीत. आणि परीक्षा फक्त ज्या पदांना परदेशी शाखांशी रोज बोलावं लागतं त्यांच्यासाठीच ठेवावी, हा मुद्दा मुळीच सोडू नका.