प्राथमिक वर्गातली विशेष गरजा असलेली मुलं रमतील असे उपक्रम कोणते?

तुम्ही लिहिलंय की गुहागरकडच्या शाळेत नुकत्याच रुजू झालात, पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र आहे, त्यात चार मुलं विशेष गरजा असलेली आहेत, आणि तक्ते, फ्लॅशकार्डं सगळं करून झालं तरी ती दहा मिनिटांत जागेवरून उठतात. मी मालवण तालुक्यात १४ वर्षं फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम करतेय. पहिली दोन वर्षं माझंही हेच चाललं होतं.

'चार मुलं' एवढ्यावरून नेमकं सांगणं कठीण आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत (१९९५च्या कायद्यात ७च होते). स्वमग्न मुलाला जे आवडेल ते कमी ऐकू येणाऱ्याला आवडेलच असं नाही. पण एक गोष्ट मला बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत लागू पडलेली दिसली. कामाचा शेवट मुलाला डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि ते काम कुणाला तरी खरोखर हवं असलं पाहिजे. चित्रात रंग भरून ते बाईंच्या कपाटात जाणार, हे मुलांना बरोबर कळतं.

आमच्याकडे गणपतीत घरोघर भजन असतं. एका वर्षी शेजारच्या बुवांकडून पखवाज मागून आणला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धूमेला, ओली कणिक थापावी लागते. त्या वजनाने आवाज खाली उतरतो आणि घुमतो. वाजवून झालं की कणिक खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी. वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी होती, बोटं आखडलेली. मातीचा गोळा दिला की ढकलून द्यायची. तिला सांगितलं, पखवाजाला कणिक हवी आहे, तू मळून दे. परातीत पीठ सांडलं, पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ घातलं, पण गोळा होईपर्यंत ती उठली नाही. बुवांनी तो थापला, थाप मारली, आणि आवाज घुमल्यावर तिने सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू पखवाज तिनेच घडवला.

त्याच पखवाजाच्या खोडावर एका कर्णबधिर मुलाचा तळवा ठेवला. ठेका त्याला हातातून कळला आणि दुसऱ्या हाताने तो मांडीवर ताल धरू लागला. एक मुलगा सतत पळणारा, त्याच्या हातात झांज दिली. माझा हात खाली तर वाजव, वर गेला की थांब. वाजवणं सोपं, थांबणं अवघड, आणि त्याला शिकायचं होतं ते थांबणंच. वर्गातली बाकीची पोरं सोबतच होती. तुमच्या चौघांना कोपऱ्यात बसवून वेगळं काही देत जाऊ नका, त्यांना ते लगेच कळतं.

दुसरा उपक्रम कोकमाच्या सरबताचा. भांड्यात पाणी, साखर, आगळ (कोकमाचा रस), ढवळणं, पेल्यात ओतणं आणि नेऊन देणं, अशा सहा पायऱ्या. आपण साहजिकच पहिल्या पायरीपासून शिकवायला जातो आणि तिसरीवर मूल कंटाळतं. उलटं करा. पहिल्या पाच तुम्ही करा, मुलाने फक्त पेला गुरुजींना नेऊन द्यायचा. शाबासकी तिथेच मिळते. ते जमलं की ओतायचंही त्याने, मग ढवळायचं, असं मागून पुढे या. दप्तराची चेन, शर्टाची बटणं, हात धुणं, सगळं याच रीतीने शिकवता येतं.

दुकान-दुकान खेळत असाल तर खोटे पैसे नकोत, खरी नाणी घ्या. आणि सुरुवात १० रुपयांच्या नाण्याने करा. ते दोन रंगांचं असतं, चटकन ओळखू येतं. १ आणि २ रुपयांची नाणी दोन्ही पांढरी, आकारानेही जवळजवळ सारखी, तिथे मोठी माणसंसुद्धा फसतात. वर्गात महिनाभर झालं की आठवडी बाजारात न्या, पण प्रत्येकाने एकच वस्तू आणायची. एकदा मी तीन वस्तूंची यादी दिली होती. एक जण नारळवालीपाशी रडत बसला. चूक माझीच.

वाळूत अक्षरं गिरवायला समुद्राची वाळू जवळ आहे, पण आधी गोड्या पाण्याने धुऊन, चाळून, वाळवून घ्या. काही मुलांना ओल्या वाळूचा स्पर्श सोसत नाही. हात धरून बोट वाळूत खुपसू नका. आधी तांदूळ द्या, किंवा वाळूत काठीने लिहू दे. माझ्या एका विद्यार्थ्याने जूनमध्ये काठी धरली आणि दिवाळीनंतर एक बोट टेकवलं. मला तेवढं पुरलं.

पाऊस! पत्र्यावर सर आली की आवाज न सोसणारी मुलं कान झाकून ओरडतात आणि अख्खा वर्ग उधळतो. मी दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी दिवसाच्या कामांची चित्रं क्रमाने लावते. काम झालं की चित्र काढून करवंटीत टाकायचं. त्यात ढगाचं एक चित्र असतं. सर आली की ते मध्ये लावायचं आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात गोधडीखाली बसायचं. सर थांबली की ढगही करवंटीत. आवाज तेवढाच असतो, पण आता काय करायचं ते मुलांना ठाऊक असतं.

चित्राखाली शब्द लिहाल तर मुलाच्या घरातला लिहा. माझ्या एका कार्डावर 'मला हवे' होतं, कुणी हात लावेना. 'माका व्हया' लिहून तसंच म्हणायला लागले, तेव्हा कार्ड वापरात आलं. तुमच्याकडची बोली वेगळी आहे, आयांना विचारून घ्या.

मोजायला काजूबिया देऊ नका. मी दिल्या होत्या. एकाने दातांनी बी फोडली आणि टरफलातल्या तेलाने ओठ भाजले. चिंचोके नाकात जातात. मी हल्ली आंब्याच्या कोयी वापरते. घासून कडक उन्हात वाळवल्या की टिकतात आणि घशात जायची भीती नाही. ४० जमवल्या होत्या. त्यातली एक नीट वाळली नव्हती, तिला जूनमध्ये कोंब फुटला, म्हणून डब्यात लावून पडवीत ठेवली. आता मोजणी ३९वर आली की एक मुलगा उठून दारात जातो आणि रोपाकडे बोट दाखवतो. त्याला मी बसवत नाही.