रोज वचन वाचतो, तरी राग सुटत नाही

‘मी पहाटे उठून बायबल वाचतो, मनन करतो, प्रार्थना करतो. तरी वागण्यात काडीचा फरक नाही. माझा विश्वासच खोटा आहे का?’

माझ्याकडे समुपदेशनाला येणारे कितीतरी ख्रिस्ती विश्वासी हा प्रश्न आपापल्या शब्दांत विचारतात. इथे ज्या गृहस्थांविषयी लिहिते आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीला पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, ‘ह्यांचं वाचन चाललेलं असलं की घरात कुणी तोंड उघडायचं नाही.’ मग एक प्रसंग कळला. १४ वर्षांचा मुलगा प्रगतिपुस्तकावर सही मागायला आला. एका विषयात नापास होता. ह्यांनी बायबल मिटलंसुद्धा नाही. वाचत होते त्या ओळीवर बोट तसंच ठेवून मुलाला नाही नाही ते बोलले आणि तो खोलीतून गेल्यावर पुढची ओळ वाचायला लागले.

हात उगारला जातो का, हे मी दोघांशी वेगवेगळं बोलून आधी पाहिलं. तसं असतं तर सगळ्यात आधी घरच्यांच्या सुरक्षिततेचं बघावं लागलं असतं. मार खाणाऱ्या माणसाला क्षमेची वचनं ऐकवणं हा पवित्र शास्त्राचा गैरवापर आहे. इथे मारहाण नव्हती, पण शब्दांचा धाक मात्र पुरेपूर होता.

त्यांच्या मूळ प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं: नाही, विश्वास खोटा नाही. जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, हे दुःख बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात प्रेषित पौलानेही मांडलं आहे. खोटा विश्वास असता तर तुम्ही इथे येऊन बसला नसता. अडचण अशी की दिवसाला चार अध्याय वाचताना एकही वचन स्वतःच्या घरात, अमक्या वेळी, अमक्या माणसाशी वागताना लागू झालेलं नव्हतं.

मग आम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा ३ रा अध्याय उघडला. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो सगळ्यांना एकच उपदेश करत नाही. दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी जुलमाने पैसे उकळू नयेत, पगारात समाधान मानावं. कुणालाही तो काम सोडायला लावत नाही. ज्याचं पाप जिथे घडतं, तिथलंच त्याला सांगतो. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

‘योहानाने तुम्हाला काय सांगितलं असतं?’ असं विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘मुलाचं वाक्य मधेच तोडू नकोस.’

ते वाक्य त्यांचंच राहू दिलं. याकोबाच्या पत्रातलं १:१९ त्याला जोडलं: ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागवायला सावकाश. दोन भेटींच्या मधल्या काळात वाचन एवढंच. वेळही ठरवली, कामावरून घरी आल्यानंतरचा पहिला तास. त्या तासात मुलगा बोलत असेल तर तो थांबेपर्यंत ऐकायचं आणि उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारायचा. राग निसटलाच, तर झोपण्याआधी त्याच्याकडे जाऊन ‘मी चुकलो’ म्हणायचं. त्याला ‘पण तूही’ जोडायचं नाही. हा शेवटचा भाग त्यांना सगळ्यात जड गेला. देवाजवळ पाप कबूल करायला त्यांना अवघड वाटत नसे, मुलासमोर वाटे.

राग निसटला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा माफी मागितली तेव्हा मुलगा नुसतं ‘ठीक आहे’ म्हणून निघून गेला, याने ते खचले. विश्वास परत बसायला मुलाला त्याचा वेळ लागेल आणि माफी मागितली म्हणून तो काही बांधील होत नाही, हे मी समजावलं. पुढे एका संध्याकाळी त्याने आपणहून गणिताची वही समोर आणून ठेवली.

गेल्या भेटीत त्यांनी स्वतःच कामावरचा विषय काढला. हाताखालच्या एकाच्या कामाचं श्रेय त्यांनी आपल्या नावावर घेतलं होतं. ते आता वरिष्ठांना लेखी कळवायचं का, हा प्रश्न आहे. लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय, फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हणणारा जकातदार, वाचून या, असं सांगितलं आहे. पुढच्या भेटीत पत्राचा मसुदा ते स्वतः लिहून आणणार आहेत.