पंच कुठून आणशील?

प्रिय पोरी,

एपिसोडचं स्क्रिप्ट वाचलं. यवतमाळमधल्या घाटंजीकडचा कास्तकार, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर प्रेत, शेजारी फवारणीच्या औषधाचा डबा, सख्ख्या भावावर संशय. गोष्ट दमदार आहे. पण 'डार्क' व्हावी म्हणून पाऊस, वीज, रक्त सगळं एकाच सीनमध्ये कोंबलंस. विषाच्या केसमध्ये एवढं रक्त कशाला?

मुळात खून की आत्महत्या, एवढंच तुझा ठाणेदार विचारतो. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. सदरा औषधाने भिजलेला होता का, पंप कुठे होता, हे त्याने आधी पाहायला नको?

आता सीन 3. तुझा डॉक्टर संध्याकाळीच विषाचं नाव सांगून मोकळा. अगं, आधी पोलीस पाटील वर्दी देणार, मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद दाखल होणार, जमादार येऊन पंचनामा करणार. रात्री पोस्टमॉर्टम करायला 2021 मध्ये केंद्राने मुभा दिली, पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू एरवी त्यात बसत नाहीत. म्हणजे प्रेत रात्रभर ग्रामीण रुग्णालयात आणि घरचे बाहेर व्हरांड्यात. कॅमेरा तिथे ठेव. मेलेल्याची बायको आणि संशयित दीर एकाच बाकावर. लेकराला दूध हवं, तर त्यालाच सांगावं लागतं, कारण मोटरसायकल त्याच्याकडे. सकाळी व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या पाण्यात, बरण्या सीलबंद, प्रयोगशाळेकडे रवाना. रिपोर्टला कधी कधी महिने लागतात. तोवर दोन्ही घरं एकाच विहिरीवर ओलीत करणार. याहून काळं काय दाखवशील?

थोबाडीत मारून कबुली घेण्याचा सीन तर सिरियलवाल्यांचा लाडका. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम 25, जुलै 2024 पासून साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. हां, लपवलेला ग्लास आरोपीने स्वतः काढून दिला, तर त्या ग्लासापर्यंत नेणारं त्याचं बोलणं चालतं. पण त्यालाही पंच, म्हणजे समोर हजर राहून सही करणारे साक्षीदार, लागतात.

आणि पंच मिळतात कुठे? भावांचं बांधावरून वाजलेलं अख्ख्या गावाला माहीत असतं, पण जमादाराची गाडी दिसली की पारावरची माणसं म्हशी सोडायला उठतात. सही करणाऱ्याला काही वर्षांनी समन्स येतं, मजुरी बुडते, शेजाऱ्याशी कायमचं वैर. मग तो पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "सही माझीच आहे साहेब, पण कोऱ्या कागदावर घेतली होती." सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतो आणि तो खाली मान घालून एसटी गाठतो. हा माणूस खोटारडा नाही, गं. त्याला गावातच राहायचं आहे.

ठाणेदाराचं शेवटचं भाषण सरळ काढून टाक. दुसरा खर्डा पोळ्याच्या आत पाठव. आणि तुझ्या पात्रयादीत 'गावकरी 2' म्हणून जो आहे ना, एका वाक्याचा, त्याला नाव दे, घर दे, बायको दे. पंच तोच आहे.

तुझा,
काका