आजोबांचे शब्द आणि डोक्यावरचं चुंबक

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. दोन वर्षांपूर्वी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांना सगळं कळतं, पण शब्द ओठांवर येत नाहीत. डोक्यावर चुंबक धरून अशा रुग्णांवर संशोधन करतात, असं वाचलं. मला तेच करायचंय. बाबा म्हणतात, त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टच व्हावं लागेल. खरं का? – सई

उत्तर : प्रिय सई, बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एमबीबीएस, एमडी, मग न्यूरॉलॉजीतलं डीएम हा अकरा-बारा वर्षांचा रस्ता तिथं पोचतो. पण तो एकच रस्ता नाही, आणि तुझ्या पत्रावरून मला तो तुझा वाटत नाही.

आधी त्या चुंबकाविषयी. त्याला टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन म्हणतात: कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणं. त्याचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवलं. कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, क्षणभर जोरदार प्रवाह सोडला, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म वीज निर्माण होते. तुझा फॅराडेचा धडाच हा! 2005 मध्ये बोस्टनच्या मार्गारेट नेझर यांच्या गटाने झटक्याला पाच ते अकरा वर्षं झालेल्या चार रुग्णांच्या उजव्या मेंदूतल्या एका भागावर सेकंदाला एक अशा लयीत, रोज वीस मिनिटं, दहा दिवस स्पंदनं दिली. तो भाग शांत केला तर भाषेचं काम बहुधा सांभाळणाऱ्या डाव्या बाजूला वाव मिळेल, हा कयास. चित्रं ओळखून नावं सांगणं सुधारलं. मात्र रुग्ण चारच, आणि तुलनेला खोटी, म्हणजे स्पंदनं न देणारी कॉइल लावलेला गटही नव्हता. उजवी बाजू अडथळा करते की हातभार लावते, यावर अजून वाद आहे. त्यामुळे आजोबांसाठी लगेच यंत्र शोधायला निघू नका. फिट्स येत असतील किंवा डोक्यात धातू असेल तर ते धोक्याचंही ठरतं.

आता बघ, या प्रयोगात यंत्र वीस मिनिटं चाललं. सुधारणा झाली की नाही, हे ठरवलं भाषेच्या चाचणीने. आणि ती चाचणी इंग्रजीची. आपल्याकडे ‘मुलीने आंबा खाल्ला’ पण ‘मुलीने पोळी खाल्ली’. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. वाचाघात झालेला, म्हणजे आजोबांसारखी मेंदूच्या इजेने भाषा अडलेला मराठी माणूस इथं कुठे अडखळतो, हे इंग्रजी चाचणीला विचारताच येणार नाही. ते विचारणारी माणसं हवीत, आणि मला तू तिथं दिसतेस.

म्हणून बीएएसएलपी बघ. वाचा आणि श्रवण या विषयांची ही पदवी चार वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही नावं आधी तपास. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा यंदाची जाहिरातच वाच. पुढे एमएससी, मग पीएचडीला टीएमएस असलेली प्रयोगशाळा. गणित आणि सर्किट्स जास्त आवडत असतील तर बायोमेडिकल इंजिनीअरिंगही आहे, पण पत्रात तू आजोबांच्या शब्दांबद्दलच लिहिलंयस.

आजोबांची स्पीच थेरपी थांबवू नका. ते एखाद्या शब्दाला अडले, की पूर्ण शब्द पुरवू नकोस. ‘पा…’ एवढंच म्हण आणि थांब. ‘पाणी’ आलं की नाही, ते तारखेसह वहीत लिही.